न येणाऱ्यांनी शिकविलेले इंग्रजी

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट संपून साष्टीकडे जाण्याची वाट जिथे सुरू होई, ती ही शीव. साहेबाच्या तोंडात तिचे सायन झाले आणि आपणही निमूटपणे सायन म्हणू लागलो. पण आमच्या शीव कोळीवाड्यात नुसत्या जमिनीच्याच शिवा एकमेकींना लागलेल्या नाहीत, भाषांच्याही लागलेल्या आहेत. मूळचे कोळी, त्यांची कोळी मराठी. आमच्यासारखी कोकणातून पोटामागे आलेली कुटुंबे, आमचे घाटाखालचे हेल. फाळणीनंतर पंजाबातून आणि सिंधमधून उठून आलेले निर्वासित, त्यांच्या बराकी आणि त्यांची पंजाबी-सिंधी. पलीकडे अँटॉप हिल, माटुंग्याच्या बाजूला तमिळ. हार्बर रेल्वेच्या स्टेशनाचे नाव त्या काळी साधे ‘कोळीवाडा’ असे. आता ते गुरु तेगबहादूर नगर आहे. हॉटेलांतून मिळणारी ती प्रसिद्ध कोळंबी कोळीवाडासुद्धा कोळ्यांनी नव्हे, तर इथल्या एका पंजाबी माणसाने पहिल्यांदा तळली, असे सांगतात. म्हणजे नाव आमचे, हात त्यांचा आणि खाणारे सगळे!

अशा वस्तीत वाढलेल्या मुलाला भाषा शिकावी लागत नाही. ती अंगाला लागते, खाडीचा वारा लागतो तशी. वयाच्या सातव्या वर्षी मी बराकीतल्या बीजींशी पंजाबी बोलत असे. कोणी शिकविली? कोणीच नाही. मी चुकलो की बीजी हसत, पण हसता हसता हातावर गुळाचा खडा ठेवीत. आमच्या शेजारची मावशी पाटी घेऊन पारशी कॉलनीत मासळी विकायला जाई. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण ‘व्हेरी फ्रेश, बाय, नो लेस’ हे तिचे इंग्रजी असे खणखणीत की भल्या भल्या बाया घासाघीस सोडून पैसे मोजीत. व्याकरण काय ते तिला ठाऊक नव्हते. आणि म्हणूनच बहुधा तिची जीभ कधी अडली नाही.

मग इंग्रजीच तेवढे आमच्या घशाशी का अडकावे? तेच घरचे लोक, तीच पोरे, तीच जीभ. या प्रश्नाने मला आयुष्यभर सोडलेले नाही. पुढे मी एका विमा कचेरीत पस्तीस वर्षे इंग्रजी पत्रे लिहिली, त्यातच डोळे अधू करून घेतले. आता घरी बसून विचार करायला वेळ पुष्कळ आहे.

मी आठवीत गेलो ते १९५९ साली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने मराठी शाळांतले पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीवर नेले होते. हेतू चांगला होता. मुलाने आधी आपल्या भाषेत पक्के व्हावे, मग परक्या भाषेला हात घालावा. पण ज्याच्या घरी वडील इंग्रजी वर्तमानपत्र वाचीत, त्याचे इंग्रजी आठवीची वाट पाहत बसत नसे. वाट पाहायची ती आम्ही. पुढे ते पुन्हा पाचवीवर आले आणि २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाले. सरकारने इयत्ता मागेपुढे केल्या, पण घर काही सरकारला मागेपुढे करता येत नाही. खरी इयत्ता घरातच भरते.

आमचे घर म्हणजे एक खोली, पुढे हातभर पडवी. वडील एका कारखान्यात फिटर होते. एकदा त्यांच्या हाती कारखान्याचा एक इंग्रजी कागद पडला. काय लिहिले आहे ते कळेना. कामावरून काढले की काय, या भीतीने त्यांनी दोन दिवस तो खिशात वागवला, जेवण नीट घेतले नाही. तिसऱ्या दिवशी एका कारकुनाला चहा पाजून तो वाचून घेतला, तेव्हा समजले की पगारातून कापल्या जाणाऱ्या कसल्याशा वर्गणीचा दर बदलला आहे, एवढेच. त्या रात्री ते आईला म्हणाले, “या घरात एक तरी माणूस असा पाहिजे, की ज्याला दुसऱ्याला चहा पाजावा लागणार नाही.” माझ्या इंग्रजी शिक्षणाचा पाया हा असा घातला गेला. शेक्सपियर, मिल्टन वगैरे मंडळी आमच्या दारावरून फार पुढे निघून गेली होती.

पण शिकविणार कोण? आई कोकणातल्या शाळेत तिसरी शिकलेली. पोथी वाची, तीही अक्षरावर बोट ठेवून. रोमन लिपी तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसे. तरीही माझी स्पेलिंगे तीच घेई. कशी घेई ते सांगतो. पुस्तक डाव्या हातात. मी शब्दावर बोट ठेवून दाखवायचा आणि मग पाठ फिरवून स्पेलिंग म्हणायचे. मी एकेक अक्षर म्हणे, तशी ती उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवी. माझे म्हणून झाले की पेन्सिलीच्या टोकाने पुस्तकातल्या मुंग्या मोजी. “नेबरची तू सात सांगितलीस. इथे नऊ आहेत. दोन कुठे सांडलीस?” मी सांडलेली ती दोन अक्षरे, जी आणि एच, उच्चारात कुठेच नसतात, ती साहेबाने उगाच कोंबलेली असतात. पण आईला उच्चाराशी कर्तव्य नव्हते. तिचा हिशेब चोख होता. नऊ म्हणजे नऊ.

या परीक्षेत एक पळवाट होती. ‘रिसीव्ह’मधल्या ई आणि आय यांची अदलाबदल झाली, तर संख्या सातच राहते. तिथे आई पेरांचा नाद सोडून माझ्या तोंडाकडे बघे. “आवाज पडला तुझा. पुन्हा म्हण.” आणि खरोखरच तिथे माझी खात्री नसे. पन्नास मुलांच्या वर्गात मास्तरांना जे ऐकू येत नाही, ते एका मुलाच्या आईला ऐकू येते. तिला इंग्रजी येत नव्हते, पण मी येत होतो!

खोलीत दिवा एकच, पंचवीसचा. वडील पहाटे उठणारे. ते डोळ्यांवर पंचा टाकून भिंतीकडे तोंड करीत आणि म्हणत, “माझी काळजी करू नकोस, मला उजेडातच छान झोप लागते.” कोणत्याही माणसाला उजेडात छान झोप लागत नाही, हे मला स्वतः बाप झाल्यावर समजले.

पुढे डॉ. आंबेडकरांचे चरित्र वाचताना परळच्या चाळीतल्या त्या खोलीपाशी मी थबकलो. रामजी सकपाळांचे सगळे बिऱ्हाड एका खोलीत. रात्री दोन वाजेपर्यंत वडील जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याने मोकळी केलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनीच मुलाकडून पक्की करून घेतली. पुस्तकांना पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मारवाड्याकडे गहाण टाकीत आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत करीत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. पुढचे जग जाणते. पण त्या दागिन्याने किती वेळा घर सोडले आणि किती वेळा परत आला, याचा विचार मनात आला की मला आमची ताई आठवते.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, एका संध्याकाळी आईवडील हळू आवाजात बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून ती एका शिंप्याचे काजे-बटणांचे काम घरी आणू लागली. डझनावर पैसे मिळत. माझी तर्खडकरांची पाठमाला त्या काज्यांतून आली. वह्याही त्यांतूनच. मी दिव्याखाली पुस्तक धरून बसे, ती त्याच उजेडात सुई ओवून बसे. माझी वाक्ये ऐकून ऐकून तिला काही पाठ झाली होती. एकदा मी अडखळलो तेव्हा पुढचे वाक्य तिनेच पुरे केले. आई कौतुकाने हसली. मी चिडलो. वडील काही बोलले नाहीत. पण त्यांनी डोळ्यांवरचा पंचा काढून तिच्याकडे बराच वेळ पाहिले, हे मला स्पष्ट आठवते.

‘घरच्यांचा पाठिंबा’ हे शब्द फार सहज वापरले जातात. पण पाठिंबा म्हणजे पाठीला टेकू. टेकू कोणाचा तरी खांदा असतो, आणि आमच्या घरांतून तो बहुधा मुलीचा असे.

पाठिंब्याचेही प्रकार असतात. कल्याणच्या आनंदीबाई जोश्यांना नवऱ्याने शिकविले. गोपाळराव पोस्टात कारकून. बायकोने शिकावे या ध्यासाने वेडे झालेले. ती स्वयंपाकात रमलेली दिसली की यांचा संताप होई. लाकडाचे तडाखे, अंगावर फेकलेली पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे तिने कोवळ्या वयात सोसले आणि पुढे परदेशातून त्यांना पत्रात तसे स्पष्ट लिहिलेही. १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, तिने भरसभेत इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि १८८७ साली, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, गेली. गोपाळरावांवाचून ती डॉक्टर झाली नसती, हे खरे. पण असा पाठिंबा कोणाच्या वाट्याला येऊ नये, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण रमाबाई रानड्यांचे. माधवरावांनी आधी मराठी, मग इंग्रजी शिकविले. पुढे शिकवायला मडमही येऊ लागली. नवरा पाठीशी, पण वाड्यातल्या वडीलधाऱ्या बायका विरुद्ध. टोमणे, अबोला, कुजबूज. पुण्याला मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. बाहेर टाळ्या झाल्या आणि घरी त्याचीच टवाळी झाली. माधवराव तिला सांगत, उलट उत्तर देऊ नकोस, अभ्यास सोडू नकोस. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठवणी वाचताना वाटते, की परकी भाषा शिकणाऱ्याला पुस्तकाइतकीच गरज असते ती एका माणसाची. अख्खे घर नसले तरी चालेल, पण एक माणूस असे पाहिजे की ज्याच्यापुढे चुकायला लाज वाटत नाही.

लाज वाटायला लावणारी माणसे शोधावी लागत नाहीत. आमच्याकडे एक काका येत. त्यांचे मॅट्रिकपर्यंत झालेले. पाहुणे जमले की ते मला मधोमध उभा करीत. “हं, सांग पाहू, ‘मी गेलो असतो तर तो आला असता’, याचे इंग्रजी!” माझी जीभ टाळूला चिकटे. बीजींसमोर भराभरा पंजाबी बोलणारा मी, इथे एक शब्द फुटायचा नाही. काका मग पाहुण्यांकडे पाहून म्हणत, “हे आजकालचे शिक्षण!” तिसऱ्या खेपेला आई चहाचा कप घेऊन पुढे आली आणि फार गोड आवाजात म्हणाली, “भावोजी, चहा घ्या. त्याची परीक्षा मार्चात आहे.” काकांनी पुन्हा माझी परीक्षा घेतली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, अमेरिकेतल्या स्टीफन क्रॅशन नावाच्या भाषापंडिताने लिहिलेले माझ्या वाचनात आले, की भीती आणि संकोच यांची एक चाळण शिकणाऱ्याच्या मनात असते. ती दाट झाली की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही. आईने चहाच्या कपाने ती चाळणच बाजूला केली होती.

आता काळ उलटला आहे. काजे-बटणे गेली, आता घरोघरी इंग्रजी माध्यम आहे. माझी नात सात वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेतून चिठ्ठी आली, घरी मुलीशी इंग्रजीतच बोलावे. सून हुशार, नोकरी करणारी, पण मराठी शाळेत शिकलेली. आपल्याला कचेरीत जो संकोच सोसावा लागला तो पोरीला सोसावा लागू नये, या तळमळीने तिने चिठ्ठीचे तंतोतंत पालन सुरू केले. मुलगाही सामील झाला. “ईट फास्ट”, “डोंट टच”, “कम हिअर.” महिन्याभरात माझ्या ध्यानात आले की घरात इंग्रजी वाढले नव्हते, बोलणे कमी झाले होते. इंग्रजीत आम्हां मंडळींना नुसते हुकूम सोडता येत. गोष्ट सांगता येईना, थट्टा करता येईना, आणि भांडण तर मुळीच करता येईना! पोर पूर्वी शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच बडबडू लागे. आता विचारले की “फाइन” म्हणे आणि खिडकीशी जाऊन बसे. मराठी शब्द पुरेसे नाहीत आणि इंग्रजी अजून आलेले नाही, अशा दोन शिवांच्या मधल्या पडीक जमिनीत ती उभी होती.

सुनेलाही ते दिसत होते. एका रात्री ती मला म्हणाली, “बाबा, ही मुकी होत चालली आहे का हो?” तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी काही भाषातज्ज्ञ नव्हे. पण युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच, मुलाचे पहिले शिक्षण मातृभाषेतून व्हावे असे सांगून ठेवले होते. कॅनडातले जिम कमिन्स म्हणतात की दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या डब्यांत राहत नाहीत. पाण्यावर हिमनगाची दोन शिखरे दिसली तरी खाली पहाड एकच असतो. एका भाषेत विचार करायला, कारण सांगायला, गोष्ट रचायला जे मूल शिकते, त्याला ते सामर्थ्य दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. म्हणजे घरी जी भाषा भरघोस आहे ती भरघोस बोलणे, हीच इंग्रजीची मशागत. हे मी सुनेला सांगितले. तिने ऐकून घेतले, पण आईच्या मनातली भीती पंडितांच्या नावांनी जात नाही.

ती घालविली ताईने. ताई आता त्र्याऐंशी वर्षांची; मेहुणे गेल्यापासून आमच्याकडेच असते. घरात फर्मान काहीही असो, तिला इंग्रजी येत नव्हते, म्हणून तिला ते लागू नव्हते. एके दिवशी तिने नातीचे पुस्तक मांडीवर घेतले आणि म्हणाली, “म्हण स्पेलिंग.” पोर म्हणू लागली, आणि ताईचा अंगठा पेरांवरून सरकू लागला. आईचीच पद्धत! “पाच म्हणालीस, इथे सहा आहेत.” नात चकित झाली. मग तिला संशय आला. “आत्याआजी, तू वाचत नाहीस, नुसती मोजतेस!” ताई म्हणाली, “मला कुठे वाचता येते? तू शिकव की.”

त्या दिवसापासून आमच्या पडवीत शाळा भरते. सात वर्षांची मास्तरीण आणि त्र्याऐंशी वर्षांची विद्यार्थिनी. शिकवायचे म्हटले की समजावून सांगावे लागते, आणि आत्याआजीला समजावून सांगायचे तर मराठीतच सांगावे लागते. ढग का गडगडतो, सुरवंटाचे फुलपाखरू कसे होते, हे सगळे इंग्रजी पुस्तकातले धडे पोर मराठीत उलगडू लागली. खिडकीशी बसणे बंद झाले. इंग्रजीही सुधारले, असे शाळेकडून कळले. बाईंनी त्याचे श्रेय त्या चिठ्ठीला दिले. सुनेने हसून मान डोलावली आणि घरी येऊन पोरीला मराठीतून खरपूस रागावली, कारण तिने येताना रस्त्यात चप्पल हरवली होती. ते रागावणे ऐकून मला फार बरे वाटले.

आणि ताई? तिला रक्तदाबाची एक गोळी सकाळी घ्यायची असते आणि दुसरी रात्री. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याएवढ्याशा. घोटाळा होऊ नये म्हणून सकाळच्या पाकिटाला ती कुंकवाचे बोट लावून ठेवी. पावसाळ्यात ते बोट पुसले जाई आणि मग मला किंवा सुनेला हाक मारावी लागे. परवा मी पाहिले, ती पाकीट डोळ्यांजवळ धरून ओठ हलवीत होती. पहिले अक्षर, दुसरे, तिसरे. मग तिने गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि पाकीट जागच्या जागी ठेवले. मला हाक मारली नाही.

वडिलांना या घरात एक माणूस असे हवे होते, की ज्याला दुसऱ्याला चहा पाजावा लागणार नाही. तो माणूस मी झालो, असे साठ वर्षे सगळे समजत आले. पण उजेड एकाच दिव्याचा होता आणि त्याखाली आम्ही दोघे बसलो होतो. दुसऱ्याची पाळी यायला थोडा उशीर झाला, एवढेच. तुमच्याही घरात कोणी सुई ओवीत बसले असेल. या दिवाळीत मुलांच्या अभ्यासाचा दिवा लावाल, तेव्हा तो जरा त्या बाजूलाही सरकवून ठेवा.